गुन्हेगारी मूकपट, अमेरिकन

चोरी, दरोडा, अपहरण, खून, टोळीयुद्ध यांसारखे गुन्हे किंवा त्यांचा तपास हा ज्यांच्या कथानकाचा गाभा आहे, असे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सु. १९०० ते १९२९ या काळात निर्माण झालेले मूकपट. चित्रपटाच्या कथनतंत्राच्या जडणघडणीत या प्रकाराचा वाटा मोठा आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरांतील दाट वस्तीच्या भागांचे दृश्य दस्तऐवज म्हणूनही त्यांतील अनेक चित्रपटांना मोल आहे. तथापि या काळातील बहुसंख्य चित्रपट नष्ट झाले आहेत. जे टिकले, त्यांपैकी पुष्कळ चित्रपट निर्मात्यांच्या दक्षतेमुळे टिकलेले नाहीत. स्वामित्व हक्काच्या कायद्यातील एका उणिवेमुळे, परदेशांत पडून राहिलेल्या प्रतींमुळे किंवा निव्वळ योगायोगाने ते वाचले. त्यामुळे या प्रकाराचा इतिहास त्याच्या जतनाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

आरंभीचे लघुपट : अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीसाठी आर्थर मार्व्हिन याने १९०० मध्ये चित्रित केलेला ‘शेरलॉक होम्स बॅफल्ड’ हा या प्रकारातील एक आद्य नमुना होय. त्याची लांबी एका मिनिटाहूनही कमी आहे. घरात शिरलेला चोर होम्सच्या डोळ्यांदेखत पुनःपुन्हा अदृश्य होतो व अखेर मालासह निसटतो, एवढेच त्याचे कथानक. नाणे टाकून एका वेळी एकाच व्यक्तीने पहावयाच्या म्यूटोस्कोप यंत्रासाठी तो तयार केलेला होता. होम्स ही व्यक्तिरेखा पडद्यावर आणणारा हा पहिला ज्ञात चित्रपट मानला जातो.

एडिसन कंपनीच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) या एडविन एस्. पोर्टर दिग्दर्शित चित्रपटाने कथाप्रधान गुन्हेगारी चित्रपटाला निश्चित रूप दिले. सु. १२ मिनिटांच्या या चित्रपटात रेल्वेवरील दरोडा, पलायन, पाठलाग व दरोडेखोरांचा शेवट या घटना क्रमाने येतात. जस्टस डी. बार्न्झ याने रंगविलेला दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो, हे त्यातील दृश्य विशेष गाजले. ते आरंभी जोडावे की शेवटी, हे कंपनीने खेळ लावणाऱ्यांच्या मर्जीवर सोपविले होते. पुढे या चित्रपटाची गणना ‘वेस्टर्न’ प्रकारात होऊ लागली. परंतु तो प्रकार त्या वेळी रूढ झालेला नव्हता आणि समकालीन प्रेक्षकांच्या दृष्टीने तो दरोड्याचाच चित्रपट होता. शेफील्ड येथील फ्रँक मॉटरशॉ याचा ‘अ डेअरिंग डेलाइट बर्ग्लरी’ (१९०३) यासारखे ब्रिटिश पाठलागपट अमेरिकेत त्यापूर्वीच पोहोचले होते. फिलाडेल्फियाच्या सिगमंड लूबिन याने १९०४ मध्ये पोर्टरच्या चित्रपटाची जवळजवळ दृश्यागणिक नक्कल केली व त्याच वर्षी ‘बोल्ड बँक रॉबरी’ हा चित्रपटही काढला.

गुन्ह्याच्या सामाजिक कारणांची जाणीवही याच काळात दिसू लागली. पोर्टरच्या ‘द एक्स-कन्व्हिक्ट’ (१९०४) मध्ये तुरुंगातून सुटलेल्या माणसाला समाज पुन्हा उभे राहू देत नाही, हे दाखविले आहे. ‘द क्लेप्टोमेनिॲक’ (१९०५) मध्ये दुकानातून वस्तू उचलणारी श्रीमंत स्त्री आणि मुलांसाठी पाव चोरणारी गरीब आई या दोघी एकाच न्यायालयापुढे येतात. पहिली सुटते व दुसरीला शिक्षा होते. शेवटच्या दृश्यात न्यायदेवतेच्या एका डोळ्यावरील पट्टी सरकलेली असून तिच्या तराजूत पावापेक्षा सोन्याचे पारडे जड झालेले आहे. बायोग्राफ कंपनीचा वॉलेस मकचन दिग्दर्शित ‘द ब्लॅक हँड’ (१९०६) न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीतील खंडणीखोरांनी केलेल्या अपहरणाच्या एका ताज्या घटनेवर आधारलेला होता. ओक्लाहोमात तयार झालेल्या ‘द बँक रॉबरी’ (१९०८) या चित्रपटाचे दिग्दर्शन विल्यम टिल्गमन या पोलीस अधिकाऱ्याने केले, तर त्यात ॲल जेनिंग्ज हा शिक्षा भोगून आलेला खराखुरा दरोडेखोर दिसतो.

अभ्यवेक्षण : या चित्रपटांची लोकप्रियता वाढली, तसा त्यांच्याविरुद्धचा आक्षेपही तीव्र झाला. अल्प दरात खेळ दाखविणाऱ्या निकलओडियन या छोट्या चित्रपटगृहांत कामगार, नव्याने आलेले स्थलांतरित व लहान मुले यांची गर्दी असे. पडद्यावर पाहिलेले गुन्हे ती मुले गिरवतील, अशी भीती सुधारक व वृत्तपत्रे व्यक्त करीत. वास्तुशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड व्हाइट याच्या १९०६ मधील खुनावर लूबिनने काढलेला ‘द अन्‌रिटन लॉ’ (१९०७) या चित्रपटामुळे हा वाद अधिकच चिघळला. १९०७ मध्ये शिकागो नगरपालिकेने प्रत्येक चित्रपट दाखविण्यापूर्वी पोलीसप्रमुखाची परवानगी सक्तीची केली. जेसी जेम्सच्या टोळीवरील ‘द जेम्स बॉइज इन मिसूरी’ व ‘नाइट रायडर्स’ या चित्रपटांना परवानगी नाकारण्यात आली, तेव्हा प्रकरण इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०९ मध्ये न्यायालयाने नगरपालिकेचा अधिकार मान्य केला. चित्रपट हा केवळ व्यवसाय असून त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ओहायो राज्यातील खटल्यात दिला. तो १९५२ पर्यंत लागू होता. अमेरिकेतील चित्रपट-अभ्यवेक्षणाची कायदेशीर चौकट अशा रीतीने प्रथम गुन्हेगारी चित्रपटांच्या निमित्ताने उभी राहिली.

विकास : डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने बायोग्राफ कंपनीत असताना ‘द लोन्‌ली व्हिला’ (१९०९) सारख्या चित्रपटांतून समांतर संकलनाचा कौशल्याने वापर केला. घरात अडकलेले कुटुंब, दार फोडणारे चोर व मदतीला धावणारा गृहस्थ यांची दृश्ये आलटून पालटून दाखवून त्याने उत्कंठा वाढविली. लोइस वेबर व फिलिप्स स्मॉली यांच्या ‘सस्पेन्स’ (१९१३) मध्ये पडद्याचे त्रिकोणी भाग पाडून तीन ठिकाणच्या घटना एकाच वेळी दाखविल्या आहेत. ग्रिफिथचा ‘द मस्कटिअर्स ऑफ पिग ॲली’ (१९१२) हा टोळीपटांचा एक प्रारंभिक आदर्श मानला जातो. एका गरीब वादकाचे पाकीट लुबाडणारे गुंड आणि त्यांच्यातील वैर हा त्याचा विषय आहे. गुंडांची टोळी भिंतीच्या कडेने सरकत छायालेखक बिली बिट्झर याच्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येते, ते दृश्य अभ्यासकांनी वारंवार उल्लेखिलेले आहे. एल्मर बूथने रंगविलेला गुंड खलनायक असूनही सहानुभूती मिळवितो. पुढील टोळीपटांतील नायकाची बीजे त्यात आढळतात.

दीर्घ चित्रपटांची प्रथा सुरू झाल्यावर या प्रकाराचा आवाका वाढला. जॉर्ज लोन टकर याचा ‘ट्रॅफिक इन सोल्स’ (१९१३) स्त्रियांच्या विक्रयावर, तर मॉरिस तूर्नरचा ‘एलिअस जिमी व्हॅलेंटाइन’ (१९१५) तिजोरी फोडणाऱ्या चोराच्या हृदयपरिवर्तनावर आधारलेला होता. राऊल वॉल्शच्या ‘रीजनरेशन’ (१९१५) साठी ओवेन किल्डेअर याच्या आत्मकथेचा आधार घेण्यात आला आणि त्याचे चित्रण न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत झाले. त्यातील रस्ते व माणसांचे चेहरे यांमुळे त्याला समाजेतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्व आले. याच सुमारास मालिकापटांची लाट आली. पर्ल व्हाइट हिच्या ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ (१९१४) व ‘द एक्स्‌प्लॉइट्स ऑफ इलेन’ (१९१४-१५) या मालिका जगभर गाजल्या. भारतातही अशा मालिका लोकप्रिय होत्या. मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनचे जे. बी. एच्. वाडिया हे पर्ल व्हाइटचे चाहते होते. नादियाच्या ‘हंटरवाली’ (१९३५) सारख्या साहसपटांमागे ही प्रेरणा होती.

१९२० मध्ये अमेरिकेत मद्यबंदी लागू झाली व चोरट्या मद्यव्यापारातून संघटित टोळ्या उदयास आल्या. टॉड ब्राउनिंगचा ‘आउटसाइड द लॉ’ (१९२०), शिकागोचा माजी वार्ताहर बेन हेक्ट याच्या कथेवरील योझेफ फोन स्टर्नबर्ग दिग्दर्शित ‘अंडरवर्ल्ड’ (१९२७) आणि ल्यूइस माइलस्टोनचा ‘द रॅकेट’ (१९२८) हे या काळातील उल्लेखनीय चित्रपट होत. पहिल्या ॲकॅडेमी पारितोषिकांत (१९२९) हेक्टला मूळ कथेबद्दल पारितोषिक मिळाले, तर ‘द रॅकेट’ला उत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन लाभले. ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ (१९२८) हा संपूर्णपणे संवादयुक्त असा पहिला दीर्घ चित्रपट गुन्हेगारी विषयावरचाच होता. त्याच्याबरोबर मूकपटांचा काळ मावळू लागला.

ऱ्हासाची कारणे : मूकपटांच्या नाशाचे एक प्रमुख कारण म्हणजे ज्या द्रव्यावर ते चित्रित झाले ते सेल्युलोज नायट्रेट. त्यावर उमटणारी प्रतिमा अत्यंत रेखीव असे. परंतु ते विलक्षण ज्वालाग्राही आहे. ज्वलनास लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असल्याने एकदा पेटल्यावर ते पाण्याखालीही जळत राहते. न पेटताही त्याचे विघटन चालू असते : प्रथम प्रतिमा फिकी पडते, मग पृष्ठभाग चिकट होतो, त्यावर फोड येतात, रीळाचा एकसंध गोळा बनतो व शेवटी तपकिरी भुकटी उरते. उष्णता व दमट हवा यांमुळे ही क्रिया वेगाने होते. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत नायट्रेट फितीचे उत्पादन थांबले व तिची जागा ॲसिटेटच्या सुरक्षित फितीने घेतली. तीही कालांतराने आम्लयुक्त होऊन आक्रसते, असे पुढे आढळून आले.

आगींमुळे मोठी हानी झाली. १९१४ मध्ये फिलाडेल्फियातील लूबिनचे भांडार, १९३७ मध्ये न्यू जर्सीतील लिट्ल फेरी येथील फॉक्स कंपनीचे भांडार व १९६५ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचे एक भांडार भस्मसात झाले. ब्राउनिंगच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ (१९२७) या रहस्यपटाची अखेरची ज्ञात प्रत या तिसऱ्या आगीत गेली, असे मानले जाते. परंतु आगींइतकीच उपेक्षाही घातक ठरली. बोलपट आल्यावर मूकपटांचे व्यापारी मूल्य संपले. त्यांच्या साठवणुकीचा खर्च नको म्हणून आणि फितीतील चांदी परत मिळावी म्हणून कंपन्यांनी ते जाणूनबुजून नष्ट केले. युनिव्हर्सल कंपनीने १९४८ मध्ये आपल्याकडील उरलेले मूकपट असेच निकालात काढले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेव्हिड पिअर्स यांच्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत १०,९१९ दीर्घ मूकपट प्रदर्शित झाले. त्यांपैकी मूळ ३५ मिमी. स्वरूपात संपूर्ण उपलब्ध असलेल्यांची संख्या १,५७५, म्हणजे सु. १४ टक्के इतकीच आहे. आणखी ११ टक्के चित्रपट परदेशी आवृत्तीत किंवा कमी प्रतीच्या स्वरूपात व ५ टक्के अपूर्ण अवस्थेत आढळतात, बाकीचे सु. ७० टक्के नष्ट झाले आहेत. ‘अंडरवर्ल्ड’नंतर स्टर्नबर्गने काढलेला ‘द ड्रॅगनेट’ (१९२८) हा टोळीपट या नष्ट चित्रपटांपैकीच होय.

कागदी प्रती : अमेरिकेच्या स्वामित्व हक्काच्या कायद्यात १९१२ पर्यंत चलच्चित्रपट हा स्वतंत्र वर्ग नव्हता, छायाचित्रांचा मात्र होता. म्हणून एडिसन, बायोग्राफ आदी कंपन्या चित्रपटातील चौकटींचे कागदाच्या लांब पट्ट्यांवर मुद्रण करून ते छायाचित्रे म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोंदवीत. परस्परांच्या नकला करण्याची वृत्ती त्या धंद्यात बोकाळलेली असल्याने ही नोंदणी आवश्यक होती. १९१२ च्या दुरुस्तीने चित्रपटाची नोंदणी चित्रपट म्हणूनच होऊ लागली व कागदी प्रतींची पद्धत थोड्याच वर्षांत बंद पडली. ज्वालाग्राही फिती साठविण्याची सोय नसल्याने ग्रंथालय नोंदणीनंतर त्या निर्मात्यांना परत करी. त्यामुळे असा विरोधाभास निर्माण झाला, की १९१२ पूर्वीचे अनेक छोटे व स्वस्त चित्रपट कागदावर सुरक्षित राहिले, तर त्यानंतरच्या मोठ्या खर्चाच्या चित्रपटांची एकही प्रत सार्वजनिक ताब्यात राहिली नाही. ग्रंथालयाने चित्रपट पुन्हा जतन करण्यास प्रारंभ केला तो १९४२ मध्ये.

विस्मृतीत गेलेला हा कागदी संग्रह १९४० च्या सुमारास हॉवर्ड वॉल्स यांच्या प्रयत्नांनी उजेडात आला. त्यात ३,००० हून अधिक शीर्षके होती. कागद आक्रसलेला व ठिसूळ झालेला, छिद्रे अनियमित. त्यामुळे नेहमीच्या यंत्रावर तो चालविणे शक्य नव्हते. पूर्वी पोलीस दलात काम केलेले केम्प नाइव्हर यांनी त्यासाठी खास यंत्र तयार करविले व १९५३ पासून सुमारे एक तप खपून प्रत्येक चौकटीचे पुन्हा छायाचित्रण करीत हा संग्रह १६ मिमी. फितीवर आणला. या कार्याबद्दल त्यांना १९५५ मध्ये ॲकॅडेमीचे विशेष पारितोषिक देण्यात आले. कालांतराने याच कागदी प्रतींवरून ३५ मिमी. वर अधिक चांगल्या प्रती काढण्यात आल्या. ‘द ब्लॅक हँड’ व ‘द बँक रॉबरी’ यांसारखे चित्रपट आज पाहता येतात, ते या संग्रहामुळे. ‘शेरलॉक होम्स बॅफल्ड’ हाही नष्ट झाल्याचे समजले जात होते. १९६८ मध्ये मायकेल पॉइंटर यांना त्याची कागदी प्रत याच संग्रहात आढळली.

शोध व पुनर्रचना : कागदी प्रती नसलेल्या चित्रपटांचा शोध अन्यत्र घ्यावा लागला. न्यूयॉर्कच्या म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९३५ साली चित्रपट-ग्रंथालय स्थापन झाले. त्याच्या पहिल्या संग्रहपाल आयरिस बॅरी यांनी बायोग्राफ कंपनीच्या निगेटिव्ह मिळविल्या. ग्रिफिथच्या आरंभीच्या कार्याचे ज्ञान बव्हंशी त्यांवर अवलंबून आहे. रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन संग्रहालय (स्थापना १९४७) व अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट (१९६७) यांनीही शोधकार्यात मोठा वाटा उचलला. ‘रीजनरेशन’ची प्रत १९७०च्या दशकात मिळाली.

होम्सविषयक आणखी दोन चित्रपटांच्या कथा या कार्याचे स्वरूप स्पष्ट करतात. जॉन बॅरिमोरची भूमिका असलेला ‘शेरलॉक होम्स’ (१९२२) १९७०च्या दशकात सापडला, तो निगेटिव्हच्या असंख्य तुकड्यांच्या रूपात. त्यांतील दृश्यांचा क्रम पार विस्कटलेला होता. इतिहासकार केव्हिन ब्राउनलो यांनी वृद्ध दिग्दर्शक ॲल्बर्ट पार्कर यांच्या स्मरणाची मदत घेऊन तो जुळविला. तथापि त्यातील काही भाग कायमचा गेला आहे. दुसरा, एसनी कंपनीचा ‘शेरलॉक होम्स’ (१९१६). होम्सची भूमिका रंगभूमीवर गाजविणारे विल्यम जिलेट यांच्या अभिनयाची साक्ष देणारा हा चित्रपट सु. ९८ वर्षे अज्ञातवासात होता. २०१४ मध्ये त्याची निगेटिव्ह पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेझ या संग्रहात मिळाली. फ्रान्समध्ये तो चार भागांची मालिका म्हणून दाखविला गेला होता व मजकूरपट्ट्या फ्रेंच होत्या. सॅन फ्रॅन्सिस्को मूकपट महोत्सवाच्या सहकार्याने जीर्णोद्धार होऊन २०१५ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला.

कॅनडातील यूकॉन प्रदेशातील डॉसन सिटी येथील शोधही प्रसिद्ध आहे. वितरणसाखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या या गावातून फिती परत मागविण्याचा खर्च वितरकांना परवडत नसे. त्या साठत गेल्या व १९२९ मध्ये एका जुन्या पोहण्याच्या तलावात भर म्हणून पुरण्यात आल्या. १९७८ मध्ये खोदकाम चालू असता गोठलेल्या जमिनीतून ५३३ रिळे बाहेर निघाली. ब्राउनिंगच्या ‘द एक्स्‌क्विझिट थीफ’ (१९१९) चा काही भाग त्यांत होता. ‘द रॅकेट’ची प्रत निर्माता हॉवर्ड ह्यूझ याच्या संग्रहात राहिली होती. लास व्हेगास येथील नेव्हाडा विद्यापीठाने तिचा जीर्णोद्धार केल्यावर २००४ मध्ये ती दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली.

राष्ट्रीय धोरण : १९८८ च्या चित्रपट-जतन कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू झाली. तीत दरवर्षी २५ चित्रपट निवडले जातात. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९९०), ‘रीजनरेशन’ (२०००), ‘ट्रॅफिक इन सोल्स’ (२००६), ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ (२००८), ‘द मस्कटिअर्स ऑफ पिग ॲली’ (२०१६) व ‘सस्पेन्स’ (२०२०) यांचा तीत समावेश झाला आहे. २००७ मध्ये व्हर्जिनियातील कल्पेपर येथे ग्रंथालयाचे दृक्‌श्राव्य संवर्धन केंद्र कार्यान्वित झाले. अणुयुद्धाच्या भीतीपोटी फेडरल रिझर्व्ह बँकेने चलनसाठ्यासाठी डोंगरात बांधलेली वास्तू त्यासाठी उपयोगात आणली असून नायट्रेट फितींकरिता तेथे १२४ शीतकक्ष आहेत. अंकीय तंत्रामुळे ओरखडे काढणे, स्थैर्य आणणे व प्रती सर्वांना उपलब्ध करणे सोपे झाले. परंतु अंकीय प्रत ही मूळ फितीचा पर्याय नव्हे, या भूमिकेतून मूळ फिती थंड व कोरड्या हवेत जपून ठेवल्या जातात.

मूल्यमापन : उपलब्ध चित्रपटांवरून काढलेले निष्कर्ष सावधपणेच स्वीकारावे लागतात. कागदी संग्रहात नोंदणी करणाऱ्या कंपन्यांचेच चित्रपट आहेत. इतरांचे कार्य त्यामुळे झाकोळले गेले. ‘द मस्कटिअर्स ऑफ पिग ॲली’ला पुष्कळदा पहिला टोळीपट म्हटले जाते, पण खंडणीखोरांच्या टोळीवरील ‘द ब्लॅक हँड’ त्यापूर्वी सहा वर्षे निघाला होता, आणि ज्यांची केवळ नावे उरली आहेत असे चित्रपट लक्षात घेतले, तर कोणत्याही चित्रपटाला असा मान निःशंकपणे देता येत नाही. ज्या ‘द जेम्स बॉइज इन मिसूरी’वरून १९०९ चा महत्त्वाचा निकाल लागला, तो चित्रपटच आज उपलब्ध नाही, न्यायालयाला त्यात आक्षेपार्ह काय वाटले, हे निकालपत्रात वाचता येते, पडद्यावर पाहता येत नाही. टिकलेल्या प्रतीही नेहमीच मूळ रूपात नसतात. ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ची मूळ २० भागांची मालिका आज युरोपीय वितरणासाठी संक्षिप्त केलेल्या नऊ भागांच्या आवृत्तीतच आढळते आणि तिच्यातील खलनायकाचे ओवेन हे मूळ नावही त्या आवृत्तीत कर्नर असे बदललेले आहे.

समकालीनांनी क्षुद्र करमणूक म्हणून हिणविलेल्या, पोलिसांनी अडविलेल्या व निर्मात्यांनी टाकून दिलेल्या या चित्रपटांतच शहरी दारिद्र्य, स्थलांतरितांचे जीवन आणि कायद्याविषयीची सामान्य माणसाची धारणा यांचे चित्रण झालेले आहे. एखाद्या कलाकृतीचे भावी मोल तिच्या काळातील प्रतिष्ठेवरून ठरविता येत नाही, हे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते. जतनाच्या आधुनिक धोरणात निवडक उत्तम कृतींबरोबर सामान्य मानल्या गेलेल्या चित्रपटांचाही संग्रह करण्यावर जो भर दिला जातो, त्यामागे हाच अनुभव आहे.